हवा कुठून जाते

हवा गेली की ती कुठून गेली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. हवाच असं नाही, पाणीसुद्धा. मृगाची पहिली सर आली आणि ओटीवर टपकन थेंब पडला की घरातले बाकीचे बादली शोधायला धावतात, मी मान वर करून उभी राहते. गळतं एकीकडे आणि कौल फुटलेलं असतं भलतीकडेच. पाणी वाशावरून निवांत चालत येतं, वाटेत दोन-चार ठिकाणी विचार बदलतं आणि मग बरोबर आपल्या अंथरुणावर उडी घेतं. तिथून उलट त्या फुटक्या कौलापर्यंत जाण्यात मला काय आनंद मिळतो, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. गॅसचा सिलिंडर बदलला की साबणाचा फेस लावून मी रेग्युलेटर बघते. बुडबुडा येत नाही, हे बरंच आहे. पण येत नाही म्हणून किंचित निराशही होते.

तर भाच्याने सायकलच्या चाकांतून ट्यूब कायमच्या काढायला घेतल्यात म्हटल्यावर, कोकमाच्या सोलांना रसाचं पुट द्यायचं तसंच ठेवून मी पडवीत जाऊन बसले. वैशाखातली दुपार. सगळं गाव आडवं झालेलं आणि हा उघड्याने, दोन चाकं पुढ्यात घेऊन.

त्याची सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरची, 29 इंची. दाभोळहून तरीने धोपाव्याला उतरायचं, गुहागर, पुढे तवसाळहून पुन्हा तरीने जयगड आणि मग गणपतीपुळे, असा त्याचा बेत. रस्त्याने जाईल तर शपथ. सड्यावरून, कातळावरून, करवंदीच्या जाळ्यांतून, जिथे जिथे गुरं जातात तिथून हा जाणार. आदल्या दिवशी तालीम म्हणून वरच्या सड्यावर गेला होता तो सायकल हातात धरून परतला. एका चाकात काटा, दुसऱ्याची तऱ्हा निराळी. पाखाडीच्या पायऱ्यांवरून धडधडत उतरताना चिऱ्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली होती. चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायचं तर हवा जास्त भरावी लागते, 35-40 पीएसआय, आणि हवा जास्त भरली की सुट्या खडीवर टायर टणाटण उडतो. ट्यूबच नसली तर चिमटायला काही उरत नाही, मग 20-25 पर्यंत हवा उतरवता येते आणि टायर जमीन धरून चालतो. हे सगळं त्याने मला दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी मी ऐकत नव्हते, रिमकडे बघत होते.

रिमला स्पोकांसाठी 32 भोकं. ट्यूब होती तोवर त्यांची कुणाला पर्वा नव्हती, हवा ट्यूबमध्ये होती. ट्यूब काढली म्हणजे हवेला पळायला आधीच 32 दारं. ती बंद करायला पिवळी पातळ चिकटपट्टी. रिम आधी स्पिरिटने पुसली आणि मग पट्टी ताणून, अंगठ्याने दाबत दाबत गोल फिरवली. एक सुरकुती पडली तर पठ्ठ्याने सगळी उपटली आणि पहिल्यापासून. हा मुलगा लहानपणी वहीला कव्हर घालायला आईकडे द्यायचा. पट्टीवर हवा भरायच्या वॉलसाठी एक भोक मात्र स्वतःच पाडायचं, गरम सुईने, बेताचं. 32 बुजवून एक पाडायचं, यात काहीतरी गंमत आहे असं मला तेव्हा वाटलं होतं. आता आठवत नाही काय ते.

मग त्याने बाटली काढली. हलवली, झाकण उघडलं आणि अमोनियाचा भपकारा आला. आत पांढरं, दुधासारखं.

“अरे, हा चीक आहे,” मी म्हटलं.

“सीलंट आहे, आत्या.”

चीकच होता. बाटलीवर लिहिलेलं होतं, नैसर्गिक लेटेक्स. म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आणि तो बाटलीतच थिजू नये म्हणून अमोनिया. रबराची लागवड आपल्याकडे दोडामार्गात आहे, केरळची माणसं येऊन त्यांनी डोंगरच्या डोंगर लावले. पण चीक काय असतो हे कोकणातल्या माणसाला रबरवाल्यांनी शिकवायला नको. मे महिन्यात ज्याने खोबरेल न लावता फणसाला हात घातला आहे त्याला तो आठवडाभर पुरतो. आमच्याकडे फणसाचा चीक काडीवर गुंडाळून ठेवायचे. मडक्याला, घागरीला चीर गेली की काडी दिव्यावर धरायची, चीक पाघळला की भेगेत दाबायचा. माझी आजी त्यासाठी काड्या न्हाणीघराच्या वाशात खोचून ठेवायची आणि त्या कुणी हलवल्या तर तिला लगेच कळायचं.

आणि मोगली एरंड. आमच्या आगराला पूर्वी त्याचंच कुंपण होतं, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. पान देठाशी मोडायचं, देठ वाकवून त्याचं कडं करायचं, चिकात बुडवायचं आणि हलकेच फुंकायचं. साबणाच्या फुग्यांपेक्षा हे फुगे मला जास्त आवडायचे. थोडे जाड, तांबूस झाक असलेले, आणि फुटताना ओठावर तुरट शिंतोडा उडवणारे. बिया खाऊ नका, जुलाब होतील, ही ताकीद रोजची. फुगे उडवून झाल्यावर तोच चीक गुडघ्याला. खरचटलं, कापलं, रक्त आलं की आजी कुंपणाशी उभी करायची, देठ मोडायची आणि थेंब थेंब जखमेवर सोडायची. झोंबायचं. थोड्या वेळाने वर पापुद्रा धरायचा, तपकिरी, चकाकता, आणि तो सोलायचा नाही असं बजावलेलं असल्यामुळे शाळेतला अख्खा भूगोलाचा तास तो सोलण्यात जायचा.

गुडघे फुटायचे ते सायकलवरूनच. वडिलांची काळी 24 इंची, मी मधून पाय घालून चालवायची. जांभ्याचा रस्ता, लाल, आणि उतार थेट समुद्राकडे. त्या सायकलला पंक्चर फार. नाक्यावर सायकलचं दुकान होतं, तिथले काका बोलायचे कमी. सायकल उताणी केली की ते पंक्चर आहे असं कधी धरून चालायचे नाहीत. आधी बोटाला थुंकी लावून वॉलवर ठेवायची. बुडबुडा आला तर दोष वॉलट्यूबचा, म्हणजे वॉलवरच्या रबरी नळीचा, ती कुजली असणार, पाच पैशांत दुसरी घालून मोकळे. नाही आला तर टायर एका बाजूने उचकटायचा, ट्यूब बाहेर, हवा भरायची आणि पत्र्याच्या घमेल्यातल्या काळ्या पाण्यात वीत वीत बुडवत जायची.

मी घमेल्याशी उकिडवी. बुडबुडे आधी माझ्या डोळ्यांना दिसले पाहिजेत अशी माझी माझ्याशीच पैज. कधी भोक एवढं बारीक असायचं की अर्धी ट्यूब गेली तरी पाणी गप्प. आणि मग एकदम, जणू पाण्याला काही आठवावं तशी, बारीक बुडबुड्यांची ओळ. काका तिथे आगकाडी टोचून खूण करायचे. पुसणं, कानस, सोल्युशन, त्यावर फुंकर, ठिगळ, हातोडी, हे सगळं झरझर व्हायचं. त्यात मला रस नव्हता. मी वाट बघायची ती पुढच्या कामाची. ट्यूब परत घालण्याआधी काका टायरच्या आतून बोटं फिरवायचे. उघड्या बोटांनी, सावकाश, सगळा वेढा. काटा आतच राहिला तर घरी पोचायच्या आत पुन्हा पंक्चर, म्हणून. बोट थांबलं की पक्कड. निघालेला काटा ते फेकायचे नाहीत, माझ्या तळहातावर ठेवायचे. “हे तुझं,” एवढंच.

ते मी सांभाळलं आहे. आल्पाकाच्या, म्हणजे जर्मन सिल्व्हरच्या डबीत. करवंदीचे काटे, बोरीचा एक आकडेबाज, होडीवरून पडला असावा असा तांब्याचा खिळा, कालवाच्या शिंपलीची कपची. खाजणातली बाभूळ सर्वांत लांब. भावाने एकदा विचारलं होतं, हे कशासाठी. मी म्हटलं, असू दे.

हवा भरलेलं चाक ही कल्पना डनलॉपची, असं आम्हाला शाळेत शिकवलं. बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर, मुलाच्या तीनचाकीसाठी खटाटोप केला आणि 1888 साली पेटंट घेतलं. भाच्याने दुरुस्ती केली. 1845 सालीच थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हे नोंदवून ठेवलं होतं, त्यामुळे डनलॉपचं पेटंट पुढे टिकलं नाही. आणि डोंगरी सायकलला ट्यूब नको हे 1999 साली माव्हिक, मिशलँ आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी मिळून ठरवलं. असेल. वीत वीत ट्यूब बुडवणाऱ्यांपैकी कुणी पेटंट घेतल्याचं ऐकिवात नाही.

तर टायर चढला, पण हातपंपाने काही केल्या हवा धरेना. भरावी तेवढी कडेने बाहेर. ट्यूबलेसला हवा हळूहळू भरून चालत नाही, टायरच्या दोन्ही कडा रिमला जाऊन बसेपर्यंत ती भसकन आत जावी लागते. म्हणून वॉलच्या आतली सुई काढून ठेवली आणि चाकं घेऊन आम्ही दापोली रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे कॉम्प्रेसर. पोरगा म्हणाला, “सायकलला पण ट्यूबलेस? पेट्रोल कुठून भरायचा?” पण नळी लावली त्याने. आधी फुसफुस, मग फाट्, आणि लगेच दुसऱ्या बाजूने फाट्. समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, “काय फुटला गो?”

काही फुटलं नव्हतं, बसलं होतं. मग सिरिंजने वॉलमधून चीक, टायरमागे 100 मिलिलिटरच्या आसपास, सुई परत घालून पुन्हा हवा, आणि घरी आल्यावर चाक हातात धरून घुसळणं. शेवटी चाक बादलीवर आडवं ठेवून त्याने टायरच्या कुशीवर साबणाचं पाणी शिंपडलं. आणि बुडबुडे! नव्या कोऱ्या टायरच्या अंगातून, टाचणीच्या टोकाएवढ्या जागांतून, चांगले दहा-बारा ठिकाणी. मी पुढे वाकले. एकावर बोट ठेवणार तोच तो मिटला. मग शेजारचा. मी बघत असतानाच सगळे एकेक करून मिटले. आतला चीक येऊन बसला होता.

“झालं,” भाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिवसभर तो सड्यावर. संध्याकाळी आला तो खूश. टायरवर एक-दोन ठिकाणी पांढरट ओल येऊन सुकली होती.

“दोन-तीनदा तरी काटा गेला असेल.”

“कुठे?”

“काय माहीत. चालत राहिलं.”

आता याला काय म्हणावं? चाकात काटा गेला, हवा निघाली, चिकाने भोक बुजवलं आणि वर बसलेल्याला पत्ता नाही. सोय आहे, मान्य. मलाही गुडघेदुखीवर असं काही मिळालं तर हवंच आहे. पण कुठल्या जाळीपाशी, कुठल्या वळणावर, हे कळायलाच नको म्हणजे जरा अती झालं.

निघताना त्याची पिशवी भरताना बघितलं तर तळाशी घडी घातलेली एक नवी ट्यूब. “ही कशाला?” “असावी,” तो म्हणाला. टायर फाटला तर चीक पुरत नाही. शिवाय हा चीक दोन-चार महिन्यांत सुकतो, आपल्याकडच्या उन्हात त्याहून लवकर, की टायर उचकटून नवा घालायचा. सुकलेल्याचे आत लोळे होतात, रबरी, आणि गेलेले काटे तसेच आतून टोकं काढून बसलेले असतात, असं तो सहज बोलून गेला.

मी त्याला सांगून ठेवलं आहे, गणपतीत येशील तेव्हा टायर इथेच उघड. त्याला वाटतंय मला चीक हवा आहे, पन्हळीला लावायला.