पासवाल्यांचा डबा

सरकारी नोकराचं सगळं आयुष्य सर्व्हिस बुकात असतं म्हणतात. माझ्या बुकात वेतनवाढी आहेत, बदल्या आहेत, अर्जित रजेचा हिशेब आहे. परभणी-परतूर रेल्वे मात्र त्यात कुठंच नाही. असणार कशी? कागदोपत्री मी कायम मुख्यालयीच, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहत होतो. मी काय नि डब्यातले बाकीचे काय! शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, कोर्टातले बेलीफ, सगळे मुख्यालयी राहतो असं लिहून द्यायचे आणि संध्याकाळी गाडीत भेटायचे.

परतूर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडं गेलं. पण पोरांची शाळा, बायकोची नोकरी, आईचा दवाखाना हे काही जिल्ह्याच्या हद्दीबरोबर सरकत नाहीत. म्हणून घर परभणीत, ऑफिस परतूरला आणि रोजचं अप-डाऊन.

ही लाईन निजामाच्या अमदानीतली, मीटरगेज. ती ब्रॉडगेज व्हावी म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं किती लावून धरलं होतं, ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, लाईन मात्र एकेरीच राहिली. एकेरी लाईन म्हटली की क्रॉसिंग आलंच. समोरून एक्सप्रेस येतेय म्हटल्यावर आमची पॅसेंजर सातोन्याला मुकाट उभी. मग निम्मा डबा खाली. हिवाळ्यात तिथला एक शेतकरी हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी घेऊन यायचा आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकायचा. पैसे घ्यायचा नाही. फक्त विचारायचा, "साहेब, माझ्या विहिरीचं कुठवर आलं?" मी पंचायत समितीत. त्याची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे मला माहीत, आणि आमची गाडी कुठं थांबते हे त्याला माहीत. तोंडात कोवळा हरभरा असताना "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणं फार अवघड असतं हो! त्याची विहीर झाली. तालुक्यात इतक्या लवकर झालेली विहीर मी दुसरी पाहिली नाही.

डब्यात जागेला रुमाल टाकलेला असायचा आणि त्या रुमालाला सातबाऱ्याइतकी किंमत होती. लांबचे प्रवासी चिडायचे, आणि त्यांचंही बरोबरच होतं. रिझर्व्हेशन त्यांचं, आणि बसलेले आम्ही, वर पत्ते मांडून. पूर्णेचे लोक आधीच चढलेले असायचे, त्यामुळे परभणीला चढणारा कायम उभा. सेलू आलं की बसायला मिळायचं.

परतीची व्यवस्था तर तारखात्याला लाजवील अशी. जालन्याहून गाडी सुटली की तिथला एकजण मिस्ड कॉल द्यायचा. तोच गाडीत बसून रांजणी सोडली की दुसरा द्यायचा. पहिल्या कॉलला फायली बांधायच्या, दुसऱ्याला चपला. कुणाचा एक पैसा खर्च होत नव्हता.

पण खरं सांगायचं तर हे सगळं गावाच्या जिवावर चाललं होतं. लोकांना आमच्या ऑफिसची वेळ साडेपाच की सहा हे ठाऊक नव्हतं, गाडीची वेळ मात्र तोंडपाठ होती. गाडी लेट असली की गर्दी व्हायची. "साहेब, गाडी दीड तास लेट हाय मनं आज. तेवढी सही मारून द्या की." आणि खरोखर, गाडी लेट असायची त्या दिवशी आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त कामं निघायची. रेल्वेनं आमच्या तालुक्याचा विकास केला तो असा.

अठ्ठावन्नाला निवृत्त झालो. पेन्शन वेळेवर होते, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो की बँकेत चारदोन पासवाले भेटतात. कोण किती फिरतो, कुणाची शुगर किती, एवढंच बोलतात. गाडीचा विषय मीच काढतो. घरी संध्याकाळी मोबाईलवर गाडी कुठं आली ते बघायची सवय काही सुटत नाही. "आता तुम्हाला कुठं जायचंय?" असं बायको विचारते. कुठंच नाही. पण गाडी पाऊण तास लेट आहे हे कळलं की अजून जरा बरं वाटतं.

२०२५ च्या जुलैत छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रानं मंजुरी दिली. व्हायलाच पाहिजे होतं, फार पूर्वीच. क्रॉसिंग संपेल, सातोन्याचं थांबणं संपेल. तसंही आताची पोरं चौघं मिळून कारनं जातात आणि पेट्रोलचे पैसे फोनवर वाटून घेतात. वेळ वाचतो. कारमध्ये पत्ते खेळता येत नाहीत, एवढाच काय तो तोटा.

परवा शेजारची पोरगी आली होती. मानवतला नवीन नोकरी लागलीय. "काका, सकाळी गाडी किती वाजता आहे?" मी तिला बसवली. मानवत रोड स्टेशन म्हणजे मानवत नव्हे, उतरल्यावर पुढं ऑटो करावा लागतो. पास महिन्याचा काढावा की तीन महिन्यांचा. पुलाजवळ कुठला डबा येतो. रुमाल मळका टाकावा, चांगला कुणीही उचलतो. चहा झाला, दुसरा झाला. पोरगी निघून गेल्यावर बायको आतून म्हणाली, "अहो, गाडीची वेळ सांगायची राहिली."