शाळा समितीची इलेक्शन अन् मी

लय जणींनी विचारलं की बाई तू कशाला त्या शाळेच्या भानगडीत पडलीस, शिवणकाम चांगलं चाललंय ना, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधी हे सांगते की ही इलेक्शन ग्रामपंचायतीसारखी नसते, ना मशीन ना पोलीस ना आचारसंहिता. जिल्हा परिषदेच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, त्याच्या कलम 21 मध्ये ही समिती सांगितलीय. आपल्या राज्यात 12 ते 16 जणांची, 75 टक्के पालक, एकूण निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतलाच अन् मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी पालकसभा घेऊन नवीन निवडायची. कागदावर हे एवढं झकास आहे की वाचून वाटतं गावातली शाळा आयाबायाच चालवतात.

आमच्या शेजारच्या काकू मागच्या समितीवर होत्या. त्यांना विचारलं, काकू मिटिंगमध्ये काय काय ठरतं हो? तर म्हणल्या, मला काय माहीत, पोरगं रजिस्टर घेऊन येतंय, मी सही करते. चौथीतलं पोरगं, काखेत रजिस्टर, दुपारच्या सुट्टीत पाच-सहा घरं फिरणार, कुणी भाकरी थापत असेल तर पिठाच्या हातानंच सही. अन् जिथं बाईला सही जमत नाही तिथं तिचा नवराच तिच्या नावानं करून मोकळा. रजिस्टरमध्ये मात्र सगळं शिस्तीत. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.

आता मी पेटले कशावरून ते सांगते. गणवेशावरून. 2024 ला सरकारनं 'एक राज्य एक गणवेश' आणला ते आठवत असेल. त्याच्या आधी समितीच गणवेश घ्यायची, एका गणवेशाला 300 रुपये, दोनाचे 600. त्या वर्षी सरकारनं ठरवलं की कापड वरूनच येणार, ते पण कापून, अन् शिवायचं बचत गटाच्या बायकांनी. शिलाई एका ड्रेसमागं शंभर-एकशे दहा रुपये. आमच्या गटाला पण गठ्ठे आले अन् मी ते शिवलेत म्हणून अधिकारानं बोलते. शर्टाला बाजूच्या शिवणीत आत कापड सोडलेलंच नव्हतं. शिवणाऱ्याला कळेल मी काय म्हणते ते, लेकरू वर्षात चार बोटं वाढतं, आत दाब असला की उसवून मोठा करता येतो, इथं उसवायला काहीच नाही. अन् मापं काय तर इयत्तेची. तिसरीतलं एखादं लेकरू पहिलीएवढं असतं अन् एखादं पाचवीएवढं, इयत्ता बघून कुणाची छाती मोजता येते का. पँट कमरेला ढगळ अन् उंचीला आखूड. राज्यात कितीतरी शाळांत 15 ऑगस्टला लेकरं जुन्याच कपड्यात झेंड्याला उभी होती, पेपरात सगळं आलंय. शेवटी डिसेंबर 2024 ला सरकारनं तो निर्णय फिरवला अन् गणवेश परत शाळा समितीकडं दिला.

मला वाटलं चला, आता तरी गावात माप घेऊन शिवतील. 2025 च्या जूनमध्ये बघते तर रेडिमेड गठ्ठा येऊन पडलेला, कुठून आला, कुणी ठरवला, कुणालाच माहीत नाही. माझ्या लेकीचा फ्रॉक मी घरी उलटा करून बघितला. आत इंटरलॉक नाही, म्हणजे कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कडेला मारतात ती शिलाई नाही, एकच टीप, दोन धुण्यात बाजूनं उसवणार हे दिसतच होतं. शाळेत जाऊन विचारलं तर सर म्हणले ताई समितीनं ठराव केलाय, सर्वानुमते. म्हणजे काकूंनी केलाय! काकूंना घरी येऊन विचारलं तर त्यांना वाटलेलं की सही खिचडीच्या तांदळाची होती. तेव्हाच ह्यांना म्हणलं की यंदा मी उभी राहणार. हे म्हणले राहा की, पण भावकीत वाद नको.

आता वादाचं कारण. तिसरीच्या पालकांतून माझ्यासमोर आमच्याच भावकीतले एक भाऊ उभे राहणार होते अन् त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. तुम्ही म्हणाल शाळेच्या समितीत असं काय ठेवलंय. ठेवलंय ना. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून शाळेला अनुदान येतं, शंभरच्या आतल्या पटाला फार तर 25,000 वर्षाचे, खडू-फळा-लाईटबिल-संडासाची साफसफाई सगळं त्यातच. हे काही मोठे पैसे नाहीत. पण गणवेश, शाळेची रंगरंगोटी, अन् आमच्याकडं हंगामी वसतिगृह. बाहेरच्यांना हे माहीत नसेल. बीड जिल्ह्यातून लोक ऊसतोडीला जातात, दसरा-दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरून निघतात ते पार उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. जी लेकरं आजी-आजोबांपाशी मागं राहतात त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय सहा महिने शाळेत होते, ते चालवायचं ह्या समितीनंच. त्याच्या हजेरीवरून जिल्ह्यात तक्रारी काही कमी झाल्या नाहीत. अन् वरून अध्यक्षपद म्हणजे पुढं ग्रामपंचायतीला उभं राहायची पहिली पायरी, ते वेगळंच.

मग मेन मुद्दा आला तारखेचा. समितीची मुदत संपलेली तरी पालकसभेची नोटीस काही निघेना. आज सर्व्हे आहे, उद्या परीक्षा आहे, असं चाललेलं. मला कळत होतं की हे असंच दिवाळीपर्यंत ढकललं की निम्मं गाव कारखान्यावर जाणार अन् सभेला उरणार कोण, तर गावात राहणारे बागायतदार अन् त्यांची माणसं. कोयत्यावर जाणाऱ्यांचीच लेकरं वसतिगृहात जेवणार अन् त्यांनाच मत नाही, हे कसलं गणित? मी अन् गटातल्या तीन-चार जणी मुख्याध्यापकांकडं गेलो. भांडलो नाही, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पोच घेतली की सरकारी माणसाचा चेहरा बदलतो हे मी बचत गटात शिकलेय. सर तसे माणूस चांगले हो, दोघं शिक्षक अन् शंभर प्रकारची ऑनलाइन माहिती भरायची, त्यांना पण कुठं वाद पाहिजे होता. सप्टेंबरातच सभा लागली.

सभेच्या आधी भाऊ घरी आले. चहा झाला. म्हणले वहिनी, बिनविरोध करू, तुम्हाला महिलांच्या कोट्यातून घेतो ना, सदस्य करतो, मिटिंगला यायची पण गरज नाही. ऐका! मी म्हणलं भाऊ, मला मिटिंगलाच तर यायचंय.

आमच्याकडं आजवर हात वर करून निवड व्हायची. त्यात होतं काय की सून सासऱ्यासमोर कुणासाठी हात वर करणार? म्हणून मी चिठ्ठी मागितली. वाचता न येणाऱ्या बायांचं काय, असं कुणीतरी म्हणलं, तर पाचवीच्या पोरींनीच उपाय काढला. वर्गात तेलाचे दोन रिकामे डबे ठेवले, एकावर शिवणाच्या मशीनचं चित्र चिकटवलं, एकावर ट्रॅक्टरचं, बाहेर सांगून टाकलं कुणाचं काय, अन् एकेकानं आत जाऊन चिठ्ठी डब्यात टाकायची, दार लोटलेलं. मशीनचं चाक पोरींनी उलट्या बाजूला काढलेलं पण म्हणलं असू द्या.

सगळ्यात भारी त्या दिवशी काय झालं असेल तर एका आजीचं. दोन नातवंडं सांभाळतात, पोरगा-सून दरवर्षी कारखान्यावर. त्या मत द्यायला उठल्या तर कुणीतरी म्हणलं आजी तुम्ही कशाला, तुम्ही आई नाही. मी कायद्याचा कागद मोबाईलमध्ये काढूनच ठेवलेला. त्यात आईवडील किंवा पालक असं आहे. सहा महिने लेकराला आंघोळ घालून शाळेत कोण पाठवतं, तापात कोण बसतं, ती पालक नाही तर कोण? सरांनी पण मान्य केलं. मग मी म्हणलं मत कशाला नुसतं, आजीलाच पहिलीच्या पालकांतून घ्या. आजी म्हणल्या, मला लिहिता येत नाही पण मोजता येतं, किती भाकरी झाल्या अन् किती लेकरं जेवली ते मी सांगते. आख्खी सभा हसली पण नाव बिनविरोध झालं. वसतिगृहाला याच्यापेक्षा चांगला ऑडिटर तालुक्यात मिळणार नाही.

मी निवडून आले, थोडक्यात आले. अध्यक्ष मात्र झाले नाही. पालक सदस्यांच्या बैठकीत भाऊंच्या गटानं दुसऱ्याच एका ताईंचं नाव पुढं केलं, त्यांचे मालक पक्षाचं काम करतात, मतं तिकडं गेली. पहिल्या मिटिंगला ते मालकच येऊन खुर्चीवर बसले! आजींनी विचारलं, तुम्ही कुणाची आई? त्यानंतर ताई स्वतः येतात. अन् खरं सांगू, बाई हुशार आहे, हिशोब पटकन कळतो तिला, तिला आजवर कुणी येऊच दिलं नव्हतं. भाऊ माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, त्यांची बायको बोलते, ब्लाऊज माझ्याकडंच टाकते.

आता एक गोष्ट जी मला गावात दहा जणांनी विचारली, म्हणजे तोंडावर नाही, पाठीमागं. की हिला समितीत जायचं होतं ते गणवेशाची ऑर्डर स्वतःला घ्यायला. प्रश्न रास्त आहे, मी पण दुसऱ्या कुणाबद्दल हेच म्हणले असते. म्हणून पहिल्याच मिटिंगला ऐनवेळच्या विषयात मी स्वतः ठराव मांडला की समितीच्या कुठल्याच सदस्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी शाळेचं काम पैसे घेऊन करायचं नाही. ह्यात माझं नुकसान आहे, जून महिन्यात तेवढंच रोख काम असतं. पण ह्या ठरावानं नुसतं माझं शिवणकाम बंद झालं नाही, कुणाच्या पुतण्याचं रंगकाम पण बंद झालं, अन् ते काहींच्या उशिरानं ध्यानात आलं. तोवर रजिस्टरवर सह्या झालेल्या. समोर बसून केलेल्या.

गणवेशाचं असं ठरवलंय की कापड आधी समितीसमोर यायचं, पाण्यात भिजवून बघायचं, मग भाव. माप लेकरांचं प्रत्यक्ष घ्यायचं, ते मी फुकट घेणार, अन् शिवणीत दोन बोटं दाब सोडायचा हे लिहूनच द्यायचं. 300 रुपयांत कापड, शिलाई, काज-बटण सगळं बसवणं अवघड आहे, मी हिशोब करून बघितलाय, पण होलसेल कापड घेतलं अन् मधला माणूस काढला तर बसतं. तालुक्याच्या दोन दुकानांत विचारून आलेय, तिसरा माणूस नमुना पाठवतो म्हणालाय. कुणाकडं चांगल्या टेरिकॉटचा पत्ता असेल तर मला कळवा, फक्त तुमचा नातेवाईक आमच्या समितीत नसला पाहिजे.