मॅमथ किती उंच, ताई?

पडद्यावर जे दिसतं ते बोलून सांगायचं, हे माझं काम. अंध प्रेक्षकांसाठी मी चित्रपटांचं दृश्यवर्णन करते. एरवी ते अंधेरीच्या स्टुडिओत, काचेआड, एकटीने चालतं. पण त्या शनिवारी मध्य मुंबईतल्या अंध मुलींच्या एका वसतिगृहात, मुलींच्या समोर बसून वर्णन करायचं होतं. चित्रपट होता 2002 चा 'आइस एज'. संवाद माझा सहकारी मराठीत वाचणार होता, दृश्यं मी सांगणार होते.

मला धाकधूक होती, कारण या चित्रपटाचा जीव संवादांत नाही. ओकचं फळ कवटाळून पळणारी स्क्रॅट ही खार एक शब्द बोलत नाही. नदीतून कशीबशी काठाला लागलेली एक बाई आपलं बाळ मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, हवाली करते, तेव्हाही कुणी बोलत नाही. आणि मुख्य गंमत आहे ती तिघांच्या आकारात आणि चालीत: एकलकोंडा मॅमथ मॅनी, घरच्यांनी मागे टाकलेला बडबड्या सिड नावाचा स्लॉथ, हा संथ चालीचा प्राणी, आणि बाळ पळवायला आलेला, मांजरकुळातला सुळेदात्या डिएगो. जन्मापासून न पाहिलेल्या मुलीला 'प्रचंड' म्हणून काय कळणार?

म्हणून आम्ही आधी जमिनीवर तयारी केली. वुली मॅमथचा सुळा 4 मीटरच्या आसपास वाढायचा. तेवढा जाड रबरी पाइप आणला, तसाच बाक देऊन फरशीवर टाकला आणि मुलींना एकेक करून त्याच्या कडेने हात फिरवत चालायला सांगितलं. कोपऱ्याला वळण आलं की प्रत्येकीच्या तोंडून "अजून आहे?" निघायचं. खांद्यापाशी उंची साधारण 3 मीटर. ती सांगायला शिडी मागवली. वरच्या पायरीवर उभी राहिलेली मुलगी खाली ओरडली, "मॅमथ किती उंच, ताई? इथपर्यंत?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्याच्या थोडं खाली त्याची पाठ." डिएगोसारख्या सुळेदात्याचा, म्हणजे मोठ्या स्मायलोडॉनचा सुळा मुळासकट 28 सेंटिमीटरपर्यंत भरायचा, म्हणून हातात फूटपट्टी दिली. एकीने ती वरच्या ओठाला लावली, तर टोक थेट गळ्याखाली. "मग हा खायचा कसा?" मी सांगितलं, त्याचा जबडा सिंहापेक्षा कितीतरी जास्त उघडायचा. सिडचंही सांगितलं: दक्षिण अमेरिकेत त्याचा एक नातलग, मेगाथेरियम, हत्तीएवढा होता. हे ऐकून सिडकडे बघण्याचा त्यांचा रोखच बदलला.

चित्रपट सुरू झाला. स्क्रॅटच्या प्रसंगाला हशा उसळला, कारण बर्फाला तडा जाण्याचा आवाज त्यांना माझ्याआधी कळत होता. तिथे मी गप्प राहणंच बरं होतं.

खरी कसोटी गुहेतल्या चित्रांची. मॅनी एका चित्रापाशी थबकतो. भिंतीवर मॅमथचं कुटुंब आहे. रेषा हलू लागतात, आणि त्याची स्वतःची कहाणी उलगडते. सहकाऱ्याचे कागद मांडीवर पडून, कारण वाचायला काहीच नाही. नुसतं संगीत. मी लिहून नेलेली लांब वाक्यं तिथल्या तिथे तोडली. "भिंतीवर बाबा, आई, पिल्लू. पिल्लू बाबांच्या सोंडेशी खेळतंय. माणसं आली. भाले." मी थांबले. "आई आणि पिल्लू एकीकडे, बाबा दुसरीकडे. ते पोहोचू शकत नाहीत." पुन्हा थांबले. "मॅनीने सोंड भिंतीला लावली. आता बाळाने भिंतीवरच्या पिल्लाला हात लावला."

पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "त्याला कळलं. हात लावला ना." मला पुढचं वाक्य बोलायला क्षणभर वेळ लागला. मॅनी बाळाला जवळ घेतो, एवढंच ते वाक्य होतं.

शेवटी प्रश्नांची सरबत्ती झाली. डोडोंबद्दल मी मोकळेपणी सांगितलं: तो पक्षी मॉरिशसचा, सतराव्या शतकात संपला, चित्रपटात त्याला हिमयुगात आणून बसवलंय. मग विचारलं गेलं, "मुंबईत होता का बर्फ?" नव्हता. पण सुमारे 20,000 वर्षांपूर्वी जगभर पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरी आज उभ्या आहेत तिथे पाणी 75 मीटरच्या आसपास खोल आहे, म्हणजे तेव्हा तिथे कोरडी जमीन होती. आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात, पाटण्याला, हिमयुगातली शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली आहेत, माणसाने नक्षी कोरलेली. "शहामृग? जळगावला?" हे त्यांना मॅमथपेक्षाही नवलाचं वाटलं.

जेवणाची घंटा झाली तरी वाद चालूच होता, डिएगोवर. लाव्हाच्या कड्यावरून मॅनीने त्याला वाचवलं आणि कळपात असंच करतात म्हणाला, हे निम्म्या मुलींना पटलं होतं. उरलेल्यांचं म्हणणं, आधी फसवलं त्याला इतक्या लवकर कळपात घ्यायचं नाही. "ताई, तुम्ही सांगा." मी म्हटलं, मी घेतलं असतं, कारण शेवटी तो आपल्याच टोळीसमोर मॅनीसाठी उभा राहिला. फूटपट्टीवाली मुलगी म्हणाली, "मी आधी दात मोजले असते, मग ठरवलं असतं," आणि ताट घ्यायला निघून गेली.