मग पगार कोण देतं?
आज गिरगावात एका दिवंगत चित्रकाराच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली. कसर लागलेले कॅटलॉग, जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनाची पत्रिका (गॅलरी १९५२ची, म्हणजे तेव्हा नवीकोरीच) आणि टाइप केलेली किंमतयादी. ‘कोळीवाडा, तैलरंग’ पुढचे ३०० पेन्सिलीने खोडून २००, मग तेही खोडून ‘डॉक्टरांना भेट’. अर्धा तास त्या एका ओळीपाशीच बसले. कुठे असेल ते चित्र आता?

काकूंनी चहा देताना विचारलं, “तू चित्रं काढतेस?” नाही. “विकतेस?” नाही. “मग पगार कोण देतं?”

काकू, तेच तर! मी क्युरेटर, म्हणजे चित्रं शोधून, निवडून प्रदर्शन मांडणारी. मानधन प्रदर्शन संपल्यावर, तेही चारदा आठवण केल्यावर. अशा दुपारी कुणी हिशेबात धरत नाही.

ट्रंक परत माळ्यावर चढवू दिली नाही. पावसाळ्याआधी सगळं स्कॅन करायचंय. कुणाकडे स्कॅनर पडून आहे का?