दीडशे, पण कोणत्या मापाचे?

मिलवॉकी शहरात घरी बियर बनवणाऱ्यांना सामान पुरवणारे एक लहानसे दुकान आहे आणि तिथे मी गेली सहा वर्षे काम करतो आहे. धान्याची पिंपे, बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांचा फ्रीझर, यीस्टच्या पुड्या आणि दोन रुळांची गिरणी एवढाच दुकानाचा पसारा. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरी पिण्यापुरती बियर बनवण्यास मुभा मिळाली, त्यामुळे आमच्याकडे शिक्षकापासून सुतारापर्यंत कोणीही येतो आणि बहुतेक जण हातात पाककृतीचा कागद घेऊन येतात. कागदावर लिहिलेले मोजून द्यायचे, दळून द्यायचे आणि पैसे घ्यायचे, एवढ्यावर माझे काम संपते असे मला बरीच वर्षे वाटत होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बस चालवून निवृत्त झालेल्या आमच्या एका जुन्या ग्राहकाने काउंटरवर बाटली ठेवली आणि ही आपली लाल बियर आहे, असे अगदी शांतपणे सांगितले. ग्लासात ओतल्यावर ती लाल नव्हती. कोऱ्या चहासारखी तपकिरी होती, आणि घोट घेताच सुकवलेल्या आलुबुखारांची चव, करपलेली साखर आणि शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडवटपणा जाणवला. बियर बिघडलेली नव्हती, पण ती आयरिश रेड एल, म्हणजे आयर्लंडची लालसर बियर, मात्र नक्कीच नव्हती. सतरा मार्चच्या संत पॅट्रिकच्या दिवशी घरच्या पंचवीस माणसांना तीच पाजण्याचा त्याचा बेत होता.

मी ठरलेले प्रश्न विचारले. मॅशचे, म्हणजे दळलेला माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ज्या गरम पाण्यात मुरवतात त्याचे, तापमान ६७ अंश सेल्सिअस होते. उकळी तासभर दिली होती. द्रवाची घनता, म्हणजे त्यात किती साखर आहे, ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचे आकडे त्याने वहीत टिपले होते, सुरुवातीला १.०४६ आणि शेवटी १.०१५, म्हणजे यीस्टनेही आपले काम केले होते. मग मी मूळ कागद मागितला. ती पाककृती किल्केनीला राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाने लिहून पाठवलेली होती: १९ लिटरसाठी फिका माल्ट ३.६ किलो, क्रिस्टल १५० (क्रिस्टल हा कॅरॅमलच्या चवीचा माल्ट, १५० हा त्याच्या रंगाचा आकडा) चारशे ग्रॅम, भाजलेली बार्ली ५० ग्रॅम आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स. क्रिस्टलच्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिले होते, ‘१५० नाही, सर्वांत जवळचा १२०’. ते अक्षर माझे होते.

चूक एका क्षणात डोळ्यांपुढे आली. अमेरिकेत माल्टचा रंग लोव्हिबाँड अंशांत सांगतात, तर ब्रिटन, आयर्लंड आणि युरोपात तो ईबीसी (युरोपियन ब्रुअरी कन्व्हेन्शन) या मापात सांगतात; दोन्हींत आकडा मोठा तितका रंग गडद. चुलतभावाचे १५० हे ईबीसीचे होते आणि त्या मापातला क्रिस्टल आमच्याकडच्या साधारण साठ लोव्हिबाँडच्या माल्टशी जुळतो. मी मात्र दुप्पट गडद माल्ट चारशे ग्रॅम मोजून दिला होता आणि वर ‘सर्वांत जवळचा’ अशी खात्रीही दिली होती. (गंमत अशी की, जोसेफ विल्यम्स लोव्हिबाँड हा रंगीत काचांनी बियरचा रंग मोजणारा गृहस्थ इंग्रज होता आणि त्याचे माप आज अमेरिकनांनी जपून ठेवले आहे.) मागच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला, तेव्हा बरोबर माल्टने बियरचा रंग अमेरिकन मापात बाराच्या आसपास आला असता आणि माझ्या माल्टने तो सोळाच्या पुढे गेला होता. आयरिश रेडसाठी नऊ ते चौदा ही मर्यादा मानतात.

मी त्याला चूक सांगितली आणि नवे सामान माझ्या खर्चाने देईन असे म्हटले. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारले की, आता साठचा द्यायचा तर दुकानात साठचे दोन माल्ट आहेत, एक अमेरिकन आणि एक इंग्रज, त्यांतला कोणता? आकडा एकच असेल तर फरक काय पडतो? मला पटकन उत्तर सुचले नाही. सकाळी गिऱ्हाईक कमी होते, म्हणून आम्ही दोघांनी ते चाखूनच पाहायचे ठरवले.

इथे क्रिस्टल माल्ट म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे. आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात, तसाच साधा माल्ट बार्लीपासून बनतो. क्रिस्टलमध्ये मोड आलेले दाणे वाळवत नाहीत. ते ओलेच ठेवून साधारण ६५ ते ७० अंशांवर शिजू देतात, त्यामुळे पिष्टाची साखर सालीच्या आतच तयार होते, आणि मग भाजणीच्या ढोलात तापमान चढवले की तीच साखर दाण्याच्या पोटात कॅरॅमल होऊन काचेसारखी घट्ट होते. या साखरेचा बराच भाग यीस्टला खाता येत नाही, म्हणून बियरमध्ये गोडवा आणि भरीवपणा राहतो. भाजणी जितकी पुढे जाईल तितकी चव मधाकडून टॉफीकडे, टॉफीकडून मनुकांकडे आणि शेवटी करपटपणाकडे सरकते. आमच्या आजोळी करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होते. काहिलीतल्या रसाची काकवी होण्याचा क्षण आणि गूळ लागण्याचा क्षण यांत फार अंतर नसते, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. वीस, साठ आणि एकशेवीस या आकड्यांमागे तोच प्रवास आहे.

आम्ही प्रत्येक नमुन्यासाठी २५ ग्रॅम क्रिस्टल आणि २५ ग्रॅम फिका माल्ट दळला, ४०० मिलिलिटर पाण्यात ६५ अंशांवर थर्मासमध्ये पंधरा मिनिटे ठेवला आणि कॉफीच्या कागदातून गाळला. अमेरिकन साठ स्वच्छ गोड निघाला, चॉकलेटच्या दुकानातल्या कॅरॅमलसारखा आणि काहीसा एकसुरी. इंग्रज साठ कमी गोड होता, पण त्यात टॉफीखाली भाजलेल्या बिस्किटाची आणि सुक्या मेव्याची चव होती. रंग दोन्हींचा जवळजवळ सारखाच. मग मी दाढीच्या पात्याने दोन्हींचे वीस वीस दाणे उभे चिरले. इंग्रजाचे जवळपास सर्व दाणे आतून काचेसारखे चकाकत होते, तर अमेरिकनाचे सहा-सात दाणे पिठूळ निघाले. आमच्या त्या एका पोत्याची गोष्ट सांगतो आहे. सर्व अमेरिकन माल्टवर मी हा शिक्का मारणार नाही.

पण त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो यानंतर. सगळे ग्लास खिडकीत ओळीने ठेवले होते आणि बाहेरच्या बर्फाचा पांढरा उजेड त्यांतून येत होता. साठचे दोन्ही ग्लास नारिंगीकडे झुकणारे तांबूस होते, एकशेवीसचा तपकिरी होता, आणि लाल एकही नव्हता. म्हाताऱ्याने भाजलेल्या बार्लीचा काळाकुट्ट अर्क चमच्याने घेऊन साठच्या ग्लासात थेंब थेंब सोडायला सुरुवात केली, आणि काही थेंबांनंतर तो तांबूस ग्लास आमच्या डोळ्यांदेखत डाळिंबी झाला. आणखी चमचाभर टाकल्यावर लाली गेली आणि नुसता काळेपणा उरला. बियरचा रंग ४३० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात मोजतात. त्यातला किती प्रकाश अडला, एवढेच तो आकडा सांगतो. लाल आणि तपकिरी यांतला फरक त्या आकड्याच्या गावीही नसतो. मी वर्षानुवर्षे लाल बियरसाठी क्रिस्टल निवडताना डब्यावरचा रंगाचा आकडा पाहत होतो, आणि लाली मात्र पन्नास ग्रॅम काळ्या दाण्यांतून येत होती. क्रिस्टल निवडायचा तो चवीसाठी.

आम्ही इंग्रज साठ घेतला. माझ्या मते तीनशे ग्रॅम पुरेसा होता, कारण या हलक्या, कोरड्या शेवटाच्या बियरमध्ये क्रिस्टल शंभरात सात-आठ भागांच्या वर गेला की दुसऱ्या ग्लासाची इच्छा मरते. परंतु चुलतभावाचे प्रमाण बदलायचे नाही, यावर तो ठाम होता, आणि मागच्या वेळी त्याचा माल्ट मीच बदलून ठेवला असल्यामुळे मला वाद घालण्याचा अधिकार नव्हता. चारशे ग्रॅम मोजले. भाजलेली बार्ली मात्र मी दोनदा तोलली.

सोळा मार्चला तो पुन्हा बाटली घेऊन आला. काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली ती बियर मला पुन्हा तपकिरीच वाटली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याने काही न बोलता ग्लास उचलला आणि खिडकीशी नेला. तिथे ती लाल होती. कोकमाच्या सरबताइतकी नव्हे, पण आतून पेटल्यासारखी. चवीला टॉफी, मग बिस्किट, आणि शेवटी भाजलेल्या बार्लीचा चटकन संपणारा कोरडेपणा. थोडी गोडच होती. ते शंभर ग्रॅम जास्तच झाले होते असे मला अजूनही वाटते, आणि मी त्याला तसे सांगितलेही.

तो गेल्यावर मी क्रिस्टलच्या सगळ्या पिंपांवरच्या चिठ्ठ्या काढून नव्या लावल्या. प्रत्येकीवर आता दोन्ही मापांतले आकडे आहेत आणि त्यांखाली चवीची एक ओळ आहे. एकशेवीसच्या पिंपावरची ओळ लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.