आमची वाटचाल : हीटच्या वहीने तारलेली फौंड्री

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी आणि काकांनी भागीदारीत क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी, उभा केला, तो ऑइल इंजिनांच्या कास्टिंगसाठी. काका उद्यमनगरातले मोल्डर. ट्युयरच्या, म्हणजे भट्टीत हवा जाते त्या तोंडाच्या, काचेतून आत एक नजर टाकली की धातू उतरायला आला का, हे ते सांगत. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या एकेका वितळवणीला, कोक किती, पिग (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) किती, भंगार किती, चुनखडी किती, हे ते लाल बाइंडिंगच्या वहीत स्वतः लिहीत. वजनकाट्याची पावती त्याच पानाला टाचलेली असे.

पुढे पाइप फिटिंगची निर्यात सुरू झाली आणि बरी चालली.

1 ऑक्टोबर 2023 ला युरोपियन युनियनच्या सीबॅमचा, म्हणजे आयात मालावर त्याच्या कार्बन उत्सर्जनानुसार लागणाऱ्या कराचा, अहवालाचा टप्पा सुरू झाला. यादीत 7307 हा पाइप फिटिंगचा सीमाशुल्क क्रमांक होता, म्हणजे आमचे एल्बो, टी, फ्लँज सगळेच. जर्मन खरेदीदाराने टनामागे कार्बन डायऑक्साइड किती ते विचारलं. आम्ही हिशेब मांडत होतो, तोवर शेजारच्या एका फौंड्रीने सल्लागाराकरवी चकचकीत तक्ता पाठवून ऑर्डर नेली. या हिशेबात भंगाराचं उत्सर्जन शून्य धरतात, पिग मात्र स्वतःचं उत्सर्जन घेऊन येतं. त्यांच्या तक्त्यात पिग नावालाच होतं, असं खरेदीदाराच्याच माणसाने सांगितलं. त्यांच्या यार्डातल्या पिगच्या थप्प्या आम्ही रोज येता-जाता बघत होतो. हे मी अजून विसरलेलो नाही.

आमची एक शिफ्ट बंद पडली, बँकेचा तगादा सुरू झाला. पगारासाठी काकांनी स्वतःची एफडी मोडली.

तारलं वहीनेच. एक किलो कार्बन जळला की 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड, चुनखडीचा वेगळा. सगळं पानापानांतून निघालं. रॉटरडॅमच्या जुन्या गिऱ्हाइकाने पानांचे फोटो मागवले, पावत्या ताडून पाहिल्या आणि ऑर्डर कायम ठेवली. त्या ऑर्डरच्या जोरावर कर्ज मिळालं आणि विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. लोखंड-पोलादाला सीबॅममध्ये थेट उत्सर्जनच मोजून कर लागतो, विजेचं धरत नाहीत.

1 जानेवारी 2026 पासूनच्या मालावर कर खरोखर लागू झाला. उत्सर्जनाच्या आकड्यांच्या तपासणीचा खर्च मोठ्या कारखान्याच्या टनावर जाणवत नाही, आमच्या टनावर जाणवतो. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजा होते. पण आपली 2023 ची कार्बन क्रेडिट योजना मोठ्या कारखान्यांसाठी आहे, आमच्यासारखे तिच्या बाहेर. म्हणजे पैसा जाणार युरोपच्या तिजोरीत. तोच इथे घेऊन इथल्या क्युपोला बदलायला वापरला असता, तर मी आनंदाने भरला असता.

नव्या फौंड्रीवाल्यांना सांगतो : सल्लागार नंतर बघा, आधी हीटची वही रोजच्या रोज लिहा. भंगार प्रतीप्रमाणे वेगळं तोला. पिगच्या बिलाबरोबर उत्सर्जनाचा दाखला मागा. तो नसेल तर ठोक आकडा लावतात आणि तो चढाच असतो. आम्ही एवढ्याच कारणावरून पिगचा जुना पुरवठादार सोडला.