तिसरा सेल

बाळांच्या हालचाली आणि त्यांची खेळणी तपासणं हे माझं काम. पहिल्या भेटीला येताना मी पालकांना एक पिशवी आणायला सांगते. बाळ दिवसभरात ज्या ज्या वस्तूला हात लावतं ती प्रत्येक वस्तू, चमच्यापासून रिमोटपर्यंत, त्यात घालून आणायची. दहा महिन्यांचं बाळ परक्या माणसासमोर, जे येतं तेही करून दाखवत नाही. पिशवीवरून मात्र कळतं, त्याचे हातपाय दिवसभर काय करत असतात.

वैशाखात कागलकडून आई, आजी आणि दहा महिन्यांचा मुलगा आले. रांगत नाही, आणि उभं धरलं की टाचा टेकत नाही, ही तक्रार. याआधी दोन ठिकाणी ‘मुलगे उशिराच चालतात’ असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. या वाक्याचा मला मनापासून राग आहे. उशीर आहे की नाही हे ठरवायला बाळाला जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बघावं लागतं, तेवढंही कुणी केलं नव्हतं.

बसवलं की तो बसायचा, पण तोल गेला तर हात टेकून सावरायचा नाही, सरळ कलंडायचा. पालथं घातलं की रडायचा. पोटऱ्या आवळलेल्या होत्या, तरी घोटा सावकाश वर दाबला तर पूर्ण वाकत होता. स्नायूंचा ताण आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या. मेंदूकडे किंवा मज्जातंतूंकडे संशय घ्यावा असं काही सापडेना. आईला विचारलं, दिवसभर कुठे असतो?

“वॉकरमधी. सकाळी भाकऱ्या हुईपर्यंत दोन तास, दुपारी परत दोन तास.”

“पांगुळगाडा चांगलाच असतोय की पोराला,” आजी म्हणाल्या.

पांगुळगाडा या एका शब्दानं फार घोळ होतो. जुन्या लाकडी पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. वॉकरमध्ये ते कापडी झोळीत बसलेलं असतं. वजन झोळी पेलते, पुढे जायला फक्त चवड्यांनी रेटा द्यायचा, आणि समोरच्या ट्रेमुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. रोज चार तास चवड्यांवर काढले की पोटऱ्या आवळतात. तोल सावरायचं काम पाठीला आणि कमरेला करावंच लागत नाही, म्हणून ते शिकलं जात नाही. शिवाय वॉकरमधलं बाळ सेकंदाला मीटरभर जाऊ शकतं. उंबरा, पायरी, चहाचा कप, चूल, कशापाशीही पोचतं. कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, वापरलेला वॉकर विकायलाही. आपल्याकडे तो बारशाला भेट म्हणून येतो.

मग पिशवी ओतली. माझ्याकडे एक छोटं नळकांडं आहे, तोंड ३१.७ मिमी, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. कसलाही दाब न देता जी वस्तू किंवा जो सुटा तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. अस्वलाचा डोळा ओढला तर दोऱ्यासकट हातात आला, आणि नळकांड्यात गेला. खुळखुळ्याच्या जोडावर चीर होती. नख घालून ती फाकवली की आतले मणी दिसत. ओढायच्या बदकाची दोरी हातभर लांब होती. दीड वर्षाखालच्या मुलाच्या खेळण्याला २२ सेंमीपेक्षा लांब दोरी नको, मानेभोवती वेढा बसतो.

शेवटी हातात आला जोतिबाच्या यात्रेतून घेतलेला दिवे लागणारा खेळण्यातला मोबाईल. मागच्या झाकणाचा स्क्रू गेलेला, झाकण चिकटपट्टीनं धरलेलं. आत तीन बटणसेलची जागा होती आणि सेल दोनच.

“तिसरा कुठंय?” दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. कालपासून लाळ जास्त गळतेय आणि सकाळी पेज अर्धीच खाल्ली, हे आईला तेव्हा आठवलं. ते दातांमुळेही असू शकतं. पण सेल अन्ननलिकेत अडकला असेल तर ओल्या अस्तरातून वीज वाहते, तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि दोन तासांत भाजायला सुरुवात होते. २० मिमीचे लिथियमचे चपटे सेल सगळ्यात वाईट, मोबाईलमधले त्याहून लहान होते. म्हणून थांबायचं, असं होत नाही.

“केळं चारा, आपसूक भाईर पडंल,” आजी म्हणाल्या. नाणं गिळल्यावर घरोघरी हेच करतात. मी केळं, पाणी, दूध सगळंच थांबवायला सांगितलं. उलटी काढायची नाही. वर्षावरच्या मुलाला अशा वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत मध देतात, वर्षाखाली मध द्यायचाच नाही. बालरोगतज्ज्ञांना फोन करून दोघींना तसंच एक्स-रेला पाठवलं, आणि घशापासून गुदद्वारापर्यंत सगळं एका फिल्ममध्ये घ्या असं चिठ्ठीत लिहिलं. एक्स-रेत सेलला कडेनं दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला दिसत नाही.

फिल्म स्वच्छ आली. संध्याकाळी आजींचाच फोन आला, “घावला!” केर काढताना सापडलेला सेल त्यांनी शर्टाचं बटण समजून बटणांच्या डब्यात टाकला होता. बटणसेल आणि शर्टाचं बटण हातात घेऊन बघा, संध्याकाळच्या उजेडात मलाही फरक कळणार नाही.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर खेळण्यांच्या मानकाचा क्रमांक आयएस ९८७३ (सेलवर चालणारं असेल तर आयएस १५६४४) आणि खाली सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नियम चांगला आहे. पण यात्रेतल्या पालावर तो बघायला कोण जातं? मोबाईलवर चिन्ह नव्हतं, ‘तीन वर्षांवरील’ एवढं इंग्रजीत छापलेलं होतं. तीन वर्षं हा आकडा धोक्यामुळे असतो. ‘आमचा हुशार आहे’ म्हणून तो ओलांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा वॉकर बंद करायला सांगितलं. आईनं शांतपणे विचारलं, “मग भाकरी थापताना ह्याला ठेवू कुठं?” मला वॉकर नको होता, पण तिच्या दोन हातांचं काय, याचं उत्तर द्यायला हवंच होतं. चुलीपासून दोन मीटरवर, भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीवर दुहेरी वाकळ घालायची. गादी नको, तळहात रुततात आणि रेटा मिळत नाही. पाय उघडे. पालथं घालताना छातीखाली पंचाची गुंडाळी, सुरुवातीला तीन मिनिटं, दिवसातून पाचसहा वेळा, आणि त्या वेळी कुणीतरी त्याच्यासमोर आडवं व्हायचं. हे काम आजींचं. खेळणं हातात द्यायचं नाही, हात पोचतो त्याच्या वीतभर पुढे आणि थोडं बाजूला ठेवायचं. म्हणजे कंबर वळते, एका हातावर वजन येतं, आणि रांगायला तेच लागतं. खेळणी तीनच: कडा गुळगुळीत असलेली स्टीलची वाटी, पक्क्या शिवणीचा नारळाएवढा कापडी चेंडू आणि बिनरंगाची लाकडी कडी. आवाज करणारं, वळवळणारं, गाणारं काहीच नको. खेळणंच सगळं करायला लागलं की बाळ नुसतं बघत बसतं.

तीन आठवड्यांनी तो पोटावर गोल फिरत होता, मागे मागे सरकत होता आणि कलंडताना हात टेकत होता. आजींनी माळ्यावरून स्वतःच्या मुलाच्या वेळचा पांगुळगाडा काढून आणला होता, लालहिरवा, रंगाचे पोपडे सुटलेला. घरात लावायच्या रंगांतल्या शिशावर मर्यादा आली २०१७ मध्ये, हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. पॉलिशपेपरनं घासायलाही मी मनाई केली, ती धूळ बाळाच्या नाकातोंडात जाते. सुताराकडून तसाच बिनरंगाचा करून घ्या म्हटलं. मूठ बाळाच्या छातीच्या खाली, पुढच्या आडव्या फळीवर दोन किलो वाळूची घट्ट शिवलेली पिशवी, आणि चाकांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. नाहीतर फरशीवर गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर पडतं. आणि तोही आधार धरून स्वतः उभं राहायला, पावलं टाकायला लागल्यावरच.

निघताना मी वॉकरचं विचारलं. मोडून टाका, असं मी बजावलं होतं. आई म्हणाली, तेराशे रुपयांचा होता, नवाच होता, जावेच्या माहेरी दिला. तिथलं बाळ सात महिन्यांचं आहे. नंबर मागून घेतला आहे, दोनदा फोन लावला, अजून कुणी उचललेला नाही.